किल्ली कोणाकडे होती?

भाऊबीज उलटली की साड्यांच्या दुकानात मोजणी लागते. रॅक रिकामे करायचे, गादीवर थप्प्या लावायच्या, एकाने लेबल वाचायचं आणि दुसऱ्याने वहीत उतरवायचं. कॉलेजात असताना पुण्यातल्या एका पेठेत अशा दुकानात मी हंगामी पोऱ्या म्हणून लागलो होतो. त्या वर्षी मोजणीत चार साड्या कमी भरल्या. किंमत ८,८०० रुपये. दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आकडा हलेना. शेठनी आवाज चढवला नाही. कॅल्क्युलेटर पुढ्यात ओढला, अकराने भागलं आणि म्हणाले, "आठशे. प्रत्येकाच्या पगारातून जातील. ज्यानं घेतलंय त्याला ठाऊक आहे, बाकीच्यांनी त्याला विचारून घ्या."

मागच्या बाजूला साड्यांच्या घड्या घालणाऱ्या मावशी बसल्या होत्या. महिना पंधराशेवर होत्या. त्यांनी हातातली घडी पुरी केली आणि विचारलं, "शेठ, भारी साड्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं कधी होती का?"

कुणी उत्तर दिलं नाही. पगाराच्या दिवशी मावशींच्या पाकिटात सातशे रुपये आले.

'चोर सापडत नसेल तर सगळ्यांनी भरा' हा न्याय कामाच्या ठिकाणी किती मुरलेला आहे, ते नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पेट्रोल पंपावर कॅश शॉर्ट आली की पाळीतल्या सगळ्यांच्या अंगावर पडते. हॉटेलात गिऱ्हाईक बिल न देता उठून गेलं की वेटर आपसात भरतात. सोसायटीतून सायकल गेली की वॉचमनच्या एजन्सीचं बिल कापलं जातं आणि एजन्सी ते दोन्ही पाळ्यांच्या पगारातून वळतं करते. घरातली सोन्याची चेन दिसेनाशी झाली की धुणीभांडी, स्वयंपाक आणि मुलं सांभाळणाऱ्या तिघींकडे एकाच नजरेने बघितलं जातं. या सगळ्याला 'सामूहिक जबाबदारी' असं भारदस्त नाव आहे. या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपून जातात: सगळ्यांकडून वसुली, सगळ्यांना शिक्षा आणि सगळ्यांवर संशय. तिन्हींचा इतिहास वेगळा, कायदा वेगळा आणि परिणामही वेगळे. म्हणून त्या सुट्या करून बघायला हव्यात.

वसुलीची मुळं आपल्याकडे खोल आहेत. जुन्या धर्मशास्त्राचा दंडक असा की चोरीला गेलेली वस्तू राजाने शोधून धन्याला परत द्यावी आणि जमलं नाही तर आपल्या कोशातून भरावी. कौटिल्याने ही जबाबदारी जागेनुसार वाटली. व्यापाऱ्याचा माल गावात चोरीला गेला तर गावच्या मुख्याने भरायचा, दोन गावांच्या मधल्या रानात गेला तर कुरणांवरच्या अधिकाऱ्याने, आणि तसं कुरणही नसेल तिथे चोरांच्या बंदोबस्तावर नेमलेल्या अधिकाऱ्याने. ही उतरंड पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. ज्याचा अंमल, त्याची भरपाई. हमालाने किंवा गाडीवानाने वर्गणी काढून भरावं असं तिथे सुचवलेलं नाही.

पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये दख्खनच्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहाऱ्याची रीत नोंदली आहे. चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या शिवेपर्यंत गेला की तिथल्या जागल्याने तो पुढे न्यायचा. ज्या गावात माग बुडाला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. आधी जागल्याने ऐपतीप्रमाणे भरायचं आणि उरलेलं साऱ्या गावावर बसवायचं. हे लिहून झाल्यावर एल्फिन्स्टनच सांगतो की ही वसुली उघड अन्यायाची होती, कारण चोरी रोखणं गावाच्या हातात असेलच असं नाही आणि भरपाई करण्याची ऐपतही असेलच असं नाही. त्यामुळे पूर्ण रक्कम क्वचितच वसूल होई, काहीतरी दंड घेऊन प्रकरण मिटे. तरीही त्या रीतीत एक तथ्य होतं. गावाला स्वतःची शीव होती, स्वतःचा जागल्या होता, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकण्याचा हक्क होता. घड्या घालणाऱ्या मावशींना कुणाला हटकायचा हक्क होता?

संशयाची परंपरा याहून कठोर आहे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कुठल्या माणसाने काय केलं हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. जन्म त्या जमातीतला म्हणजे हजेरी लावायची. अशा जमातींना ठेवलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहणारी माणसं गावातल्या गिरण्यांत कामाला जात आणि संध्याकाळी परत कुंपणात येत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण नजर गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाने त्या पुस्तकातून संशयाखाली जगणं आतून पाहिलं. आजही कारखान्यात काही हरवलं की आधी कुणाचं आडनाव आठवतं, हे प्रामाणिकपणे तपासलं तर फार लाजिरवाणी उत्तरं मिळतील.

संशयितांच्या घोळक्यातून चोर वेगळा काढायच्या युक्त्याही जुन्याच. बेलभंडारा उचलायला लावणं, देवळात शपथ घ्यायला नेणं, नोकरांना रांगेत बसवून मंतरलेले कोरडे तांदूळ चघळायला देणं. ज्याचे तांदूळ कोरडे राहिले तो चोर, कारण भीतीने तोंडाला कोरड पडते. युक्ती चतुर वाटते, पण तोंड कोरडं पडायला चोरीच करावी लागते असं नाही. नोकरी जाण्याची भीती पुरते, आणि ती रांगेतल्या सर्वांत गरिबाला सर्वांत जास्त असते. आजच्या लाय डिटेक्टरचं गणित फारसं वेगळं नाही. माणसाच्या संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी प्रकरणात सांगितलं. ते सांगणं तपास यंत्रणांना होतं. जे पोलिसांना करता येत नाही ते सुपरवायझरला कसं करता येईल?

आता वसुलीचा कायदा. मुंबईच्या गिरण्यांत दंड ही रोजची गोष्ट होती. कापड बिघडलं की ते विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. एप्रिल १९२८ मध्ये सुरू होऊन सहा महिने चाललेल्या गिरणी संपाच्या काळात हे दुखणं पुरतं चव्हाट्यावर आलं. पुढे कामगारांची स्थिती तपासणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. त्या कायद्याने मालकाचा हात तीन ठिकाणी बांधला. कपात करायची तर माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असला पाहिजे, किंवा त्या रोकडीचा हिशेब देणं त्याचं काम असलं पाहिजे. नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेलं असलं पाहिजे. आणि कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. कपात नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये, हेही त्यात आलं. या अटी एका माणसाकडे बोट दाखवतात. 'पाळीतले सगळे' किंवा 'काउंटरवरचे सगळे' हे त्यांत बसत नाहीत.

दंडाची तरतूद वेगळी ठेवली. मूळ कायद्यात दंडाची मर्यादा रुपयाला अर्धा आणा होती, पुढे ती तीन टक्के झाली. शिवाय दंडाचा पैसा मालकाच्या गल्ल्यात जात नाही, तो कामगारांच्या हितासाठीच खर्चावा लागतो. म्हणूनच दुकानदार 'दंड' हा शब्द टाळून 'भरपाई' म्हणतो, कारण भरपाई त्याच्या खिशात जाते.

याच कायद्यात एक सामूहिक कलम आहे, आणि ते काळजीपूर्वक वाचण्यासारखं आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोटीस न देता, वाजवी कारण नसताना गैरहजर राहिले तर प्रत्येकाचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. म्हणजे कायदा करणाऱ्यांना सामूहिक कपात सुचलीच नव्हती असं नाही. त्यांनी ती संगनमतासाठी राखून ठेवली. तिथेही प्रत्येक जण स्वतः गैरहजर असावा लागतो. हरवलेल्या मालाला त्यांनी ती जाणूनबुजून लावली नाही.

हा कायदा सुरुवातीला महिना दोनशे रुपयांखालच्या पगारदारांना होता. ही मर्यादा वाढत वाढत २०१७ मध्ये २४,००० वर आली. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि पगाराची ती मर्यादा गेली. सोपवलेला माल, थेट कसूर आणि म्हणणं मांडायची संधी या अटी संहितेतही आहेत. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापलीकडे जाऊ शकत नाहीत. दावा करायला आधी एक वर्ष मिळे, आता तीन वर्षं मिळतात. कपात बेकायदा असल्याची तक्रार झाली तर देणं चुकतं केल्याचा पुरावा मालकाने द्यायचा आहे. नोकरीला लागताना ज्या छापील कागदावर सही घेतात, 'काही कमी भरल्यास समप्रमाणात कपात मान्य आहे' वगैरे, त्या कागदाने हा हक्क जात नाही. हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो.

कायदा इतका स्पष्ट असूनही आठशे कापले जातात, कारण आठशे रुपयांसाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालणं कुणालाही परवडत नाही. एक दिवसाची सुट्टी टाकली की त्या दिवसाचा पगारही जातो. शिवाय तक्रार केली म्हणजे चोर तोच, असा अर्थ निघायला वेळ लागत नाही.

सगळ्यांना शिक्षा, म्हणजे सगळ्यांनाच घरी पाठवणं, यावर सर्वांत तपशीलवार विचार इंग्लंडातल्या न्यायालयांनी केलेला दिसतो. सट्ट्याची दुकानं चालवणाऱ्या कोरल कंपनीच्या तिजोरीतून १,७५० पौंड गेले. तिजोरी उघडू शकणारी माणसं दोनच होती. कोणी घेतले ते ठरवता येईना, म्हणून दोघांनाही काढलं. मोनी प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने बडतर्फी ग्राह्य धरली. पुढे व्हिटब्रेड कंपनीच्या दारूच्या दुकानातून ४,६०० पौंड गेले आणि चौघांना काढण्यात आलं. १९९० च्या त्या निकालात अपील न्यायाधिकरणाने पायऱ्या आखून दिल्या. कृत्य असं हवं की एकट्याने केलं असतं तरी नोकरी गेली असती. तपास कसून झालेला हवा. एकाहून अधिक जण ते करू शकले असते असं मानायला आधार हवा. अशी शक्यता असलेले सगळे नेमके वेगळे काढलेले हवेत. आणि नेमका माणूस शोधणं वाजवी प्रयत्नांनंतरही अशक्य ठरलेलं हवं. हा निकाल मालकांच्या बाजूचा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या मुळाशीही किल्लीचाच प्रश्न आहे. ज्याला तिजोरीपर्यंत पोचताच येत नव्हतं, तो या यादीत येत नाही. पगारकपातीवर तिथेही वेसण आहे. किरकोळ विक्रीच्या दुकानात रोकड किंवा माल कमी भरला तर एका पगारातून दहा टक्क्यांहून जास्त कापता येत नाही. शेवटच्या पगाराला मात्र ही मर्यादा नाही.

आपल्याकडे बडतर्फीसाठी आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी हवी, आणि दोन्ही त्या त्या माणसाच्या नावावर. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये एका बस कंडक्टरच्या प्रकरणात सांगितलं की अशा चौकशीत कोर्टासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, काही एक पुरावा पुरतो. पण तो 'काही एक' पुरावासुद्धा त्या माणसाविरुद्धच असावा लागतो. फौजदारी कायदा तर आणखी कडक. नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आहे. एकाच्या कृत्यासाठी दुसऱ्याला धरायचं तर दोघांचा सामाईक इरादा सिद्ध करावा लागतो. एकाच पाळीत असणं किंवा एकाच डब्यात जेवणं म्हणजे सामाईक इरादा होत नाही.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. छोट्या दुकानदाराचा नफा थोडका असतो आणि एक मोठी चोरी महिन्याची कमाई नेते. पोलिसांत जाऊन काही हजारांच्या मालासाठी कोण धावपळ करणार? कर्मचाऱ्यांच्या अप्रामाणिकपणाचा विमा मिळतो, पण निव्वळ मोजणीत आलेली, कारण न सापडलेली तूट त्यात सहसा बसत नाही. आणि कोण उचलतं हे बरोबरच्यांना बऱ्याचदा खरंच माहीत असतं. सगळ्यांच्या खिशाला चाट बसली तर कुणीतरी बोलेल, अशी त्याची अटकळ असते.

सामूहिक जामीनकीवर चालणाऱ्या संस्थाही आहेतच. बचत गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्या भरतात आणि तरी गट टिकतो. पण तिथे बायकांनी एकमेकींना स्वतः निवडलेलं असतं. कुणाला कर्ज द्यायचं हे त्या ठरवतात, नको असलेलीला आत घेत नाहीत आणि फायदा झाला तर तो त्यांचाच. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात. दोघांशिवाय ती उघडत नाही, म्हणून रोकड कमी आली तर दोघांना विचारणं रास्त आहे. एसटीच्या कंडक्टरला तिकिटाचं यंत्र सही करून मिळतं आणि पैसेही तो मोजून भरतो. त्याच्याकडून तूट मागणं त्यालाही वावगं वाटत नाही. सहकारी संस्थेतही अपहार झाला की सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी लागते आणि कुठल्या संचालकाने किती भरायचं ते नावानिशी ठरवलं जातं. निर्णयाच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी कायदा एकेकाचा वाटा मोजतो, आणि घड्या घालणाऱ्या बाईचा हिशेब मात्र अकराने भागून होतो.

खरं तर भागाकारातच या पद्धतीची फट आहे. समजा, साड्या खरंच अकरातल्या एकाने नेल्या. त्याच्याही पगारातून आठशे गेले. म्हणजे ८,८०० चा माल त्याला आठशेला पडला आणि उरलेले आठ हजार दहा निरपराध माणसांनी भरले. ही वसुली चोराला सवलत देते. माणसं जितकी जास्त, तितकी सवलत मोठी. मालकाचं नुकसान भरून निघाल्यामुळे चोर शोधायची गरज त्यालाही उरत नाही. मग ज्याला दुसरीकडे काम मिळतं तो हुशार माणूस आधी निघून जातो. राहिलेल्यांत एकमेकांच्या पिशव्या चोरून बघणं सुरू होतं. आणि कुणाच्या मनात येतं की भरायचंच आहे तर घेऊनच का भरू नये?

शिवाय 'कमी भरलं' म्हणजे 'चोरलं' हे समीकरणच कच्चं आहे. दुकानातला माल अनेक वाटांनी आटतो. गिऱ्हाईक उचलतं, पुरवठादार गठ्ठ्यात एक नग कमी घालतो, बिलावर चुकीचा कोड पडतो, उंदीर कुरतडतात, बदलून दिलेला माल वहीत चढत नाही. सहा महिन्यांतून एकदा मोजणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण वाट कुठे चुकली ते आठवणारं कुणी उरलेलं नसतं. रोज संध्याकाळी एक कपाट मोजणाऱ्याला कळतं.

म्हणून यावरचा उपाय तसा घरगुतीच आहे. किल्ली एकाच्या हातात आणि ती देताघेताना वहीत सही. पाळी बदलताना गल्ला दोघांसमोर मोजायचा. भारी माल रोज, हलका आठवड्याने. दारावर झडती घ्यायचीच तर मॅनेजरपासून सगळ्यांची, आणि बायकांची बाईनेच. तूट आली तर आधी कागद तपासायचे, मग माणसं. शटर ओढून माणसांना रात्रभर बसवून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे मालकांना कुणीतरी सांगायला हवं. आणि एवढं सगळं करूनही माणूस सापडला नाही तर ते नुकसान धंद्याचं. नफा वाटताना अकराने भागत नाहीत, मग तोटाच कसा भागायचा?

त्या चार साड्या सापडल्या. संक्रांतीच्या आधी कोपऱ्यावरचा फॉल-पिकोवाला त्या पिशवीत घालून घेऊन आला. दिवाळीच्या गर्दीत शेठच्या मुलानेच त्या त्याच्याकडे पाठवल्या होत्या आणि चिठ्ठी फाडायची राहून गेली होती. गिऱ्हाईक आलं नाही, तो गावाला गेला, साड्या त्याच्या फळीवर पडून राहिल्या. शेठनी आमचे आठशे परत दिले, वर चहा मागवला. मावशी मात्र नव्हत्या. सातशेच्या त्या पगारानंतर आठवड्याभरातच त्यांनी काम सोडलं होतं आणि त्यांचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. त्यांचे आठशे शेठनी एका पाकिटात घातले, पाकीट भारी साड्यांच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली सवयीने कमरेला अडकवली. माझा हंगाम संपला तेव्हाही ते पाकीट तिथेच होतं.